मामांचं डिजिटल

नेकनूर ते बीड या रस्त्यावर रेडिओचं वेड असलेला आमच्या चुलतसासऱ्यासारखा मानूस आजवर झाला न्हाई, आन् पुढंबी होनार न्हाई, हे मी पैजेवर सांगते. मी त्यांला मामा म्हनते, आमच्यात सासऱ्याला मामाच म्हनतेत. मामा पाशिंजराची जीप चालवायचे, आता गाडी बदलली पर धंदा तोच, आन् दुसऱ्या डायवरांची गाडी शिटा भरल्या की निघते, आमच्या मामांची बातम्या संपल्या की निघते. एकदा बाजाराला निघालेली एक म्हातारी मागून वरडाया लागली, "आरं निघ की बाबा, माझी कोथिंबीर सुकायली!" तर मामा मागं न बघताच म्हनले, "मावशे, हवामान ऐकू दे. पाऊस म्हनला तर तुझी कोथिंबीर आपोआप टवटवीत होती." रेडिओवर बोलनाऱ्या बायामान्सांला मामा जन्मात भेटले न्हाईत, पर वळख मातर घरच्यासारखी. बातम्या सांगनारी बाई 'नमस्कार' म्हनली की मामा ष्टेरिंगवरचा एक हात उचलून तिला नमस्कार करनार. एका सकाळी तिचा आवाज जरा बसलेला होता, तर मामांनी समद्या गाडीला दटावलं, "गप बसा जरा. बाईला बरं न्हाई, तरी कामावर आलीय."

मामांचं जगात कुनाशी वाकडं न्हाई, एक खरखर सोडली तर. जीपमधला त्यांचा जुना सेट मध्यम लहरीवर चालायचा, आन् मोठ्या तारांखालून गाडी गेली की खरखर, आभाळ गडगडलं की खरखर, रस्त्याकडच्या विहिरीवर कुनी मोटर चालू केली तरी खरखर. मग मामा खिडकीतून त्या मोटरवाल्याकडं असं बघनार, जसं काय त्यानं भर पंगतीत नाक शिंकरलं. या खरखरीपायी मामांनी काय काय केलं ते माझ्या सासूबाई सांगतेत. माझ्या लग्नाच्या लई आधी उपग्रहावरून थेट गाडीत आवाज येनारा रेडिओ निघालता म्हनं, तो मामांनी आनला. सासूबाईंला उपग्रह म्हंजे ग्रहच वाटला. त्या म्हनल्या, "भावजी, ह्यो वक्री झाला तर?" मामा म्हनले, "न्हाई होत वयनी, त्याला वरी एका जागी खिळवून ठेवलाय." पर त्या रेडिओला उघडं आभाळ लागायचं, झाडाखाली गाडी लावली की आवाज बंद. म्हनून मामा भर एप्रिलात लिंबाची सावली सोडून जीप उन्हात लावायचे, आन् आत शिटा पापडासारख्या भाजून निघायच्या. पुढं ती सोयच बंद पडली, वरून आवाज यायचा थांबला. तरी टपावरचा ॲन्टिना मामांनी कैक वर्सं काढला न्हाई. "आलाच परत तर?" म्हनायचे. त्याच्यावर कावळे बसायचे.

मग एफएम आलं. बीडमधी एकदम साफ, पर मांजरसुंब्याच्या घाटाच्या अलीकडं नुसता भास. मग आमच्या ह्यांनी पुन्याहून येऊन मामांच्या मोबाईलवर रेडिओ चालू करून दिला, त्याच्यावर म्हनं जगातली समदी ष्टेशनं. घाटात नेट गेलं आन् फोनवर नुसतं गोल गोल फिराया लागलं. मामांनी फोन खिशात घातला. म्हनले, "ही काय गिरनी हाय का, फिरताना बघत बसायला?"

आता माझ्या लेकराचं सांगते, कारन त्याच्याबगर मामा कळायचे न्हाईत. आमची आरू आठ महिन्याची होती, रांगता रांगता उंबऱ्यावर डोकं आपटलं, रडायला म्हनून तोंड उघडलं आन् आवाजच न्हाई. तोंड उघडं, डोळे उघडे, आन् श्वास बंद. व्हट निळे पडले, मान टाकली, माझ्या हातात लेकरू फडक्यासारखं झालं. मी किती वरडले ते मला आठवत न्हाई. मग एकदम श्वास आला. बीडच्या डॉक्टरनं तपासलं, रक्त कमी हाय म्हनून थेंब दिले, म्हनला, "काही लेकरं रडताना श्वास धरून ठेवतात, जिवाला धोका नाही, मोठी झाली की जातं. घाबरू नका." घाबरू नका! त्याला काय जातंय म्हनायला. हे पुन्याला कंपनीत, मी हितं, आन् लेकरू कव्हा तोंड उघडंल ह्याच्या भ्यानं मी घास तोंडात धरून तिच्याकडं बघत बसायची. घरात कुनी तिला रडू देत नव्हतं, तिनं ताट पालथं केलं तरी समदे हसायचे. माझी जाऊ म्हनायची, "असं लेकरू हातचं जाईल गं," आन् मला ते 'हातचं जाईल' दुसरंच ऐकू यायचं.

थेंब संपले म्हनून एकदा मामांच्या जीपमधी बीडला निघाले. घाटात खड्डा आला, आरूचं डोकं दांडीला लागलं, आन् तिनं तोंड उघडलं. मी म्हनलं, झालं. तेवढ्यात रेडिओ खरखराया लागला, लई मोठ्यानं, आन् आरूनं त्या खरखरीकडं डोळे फिरवले, जसं काय कुनी हाक मारली. आन् श्वास घेतला. रडलीबी न्हाई. मामांनी सवयीनं बटनाकडं हात नेला, तर मी सासऱ्यासमोर कधी आवाज न चढवनारी बाई, मोठ्यानं वरडले, "मामा, नका! ऱ्हाऊ द्या खरखर!" मामांचा हात तसाच वरी ऱ्हायला. पार बीड येईस्तोवर त्यांनी बटन फिरवलं न्हाई.

त्या दिसापासून आरूचं तोंड वाकडं झालं की मी तिला उचलून अंगनातल्या जीपकडं पळायची, आन् मामा हातातलं टाकून आधी जाऊन खराब ष्टेशन हुडकायचे. ज्या मान्सानं जन्म घालवला साफ आवाजापायी, तो मानूस मुद्दाम खरखर लावायचा, माळकऱ्यानं पाव्हन्याला मटन वाढावं तसं तोंड करून. पर लावायचा. दर वेळी डॉक्टर म्हनला तसंच झालं असतं, मला कळतंय, श्वास आपोआपच आला असता. पर मला तवा खरखरीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

अशात जीप थकली, आन् मामांनी आष्टीच्या एका मास्तराची जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी बघायला गेले तर बोनेट उघडून बघितलं न्हाई, टायर बघितलं न्हाई, आधी रेडिओ लावला. त्या गाडीत कंपनीतूनच डिजिटल रेडिओ लागून आलता. लांबचं तेच मध्यम लहरीचं ष्टेशन, पर आवाज असा की बातम्यावाली बाई शेजारच्या शिटावर बसलीय, आन् वर पट्टीवर कार्यक्रमाचं नावबी अक्षरात उमटायचं. मामांच्या डोळ्यात पानी आलं म्हनं. समद्या गावाला सांगत सुटले, "आपल्याकडं डिजिटल हाय."

आता आमच्याकडं डिजिटल म्हंजे काय, तर चौकात लागतेत ते मोठ्ठे फोटोचे फलक. वाढदिवस असो का निवडनूक, 'डिजिटल लावलं' म्हनलं की गडी पुढारी झाला. आन् ग्रामपंचायतीची निवडनूक तोंडावर. दुसऱ्याच दिवशी सकाळी सरपंच दोन मान्सं घेऊन आमच्या वट्यावर. मी दाराआड चहा गाळत होते.

"मामा, डिजिटल लावलं म्हनं?"

"लावलं की. कालच."

"आमाला इचारलंबी न्हाई. वरून आलंय का?"

"वरचं कव्हाच बंद पडलं. आता खालूनच येतंय."

सरपंचांनी कप खाली ठेवला. "खालून? म्हंजे गावातून? आन् लहर कशी हाय?"

"मध्यम लहर."

"मध्यम लहरीवर मानूस निवडून येतो का, मामा?"

"पयले लई तरास होता. आता मध्यम लहरीवरबी एकदम साफ."

"साफ! म्हंजे आमी साफ का?"

मी पदर तोंडात कोंबून खाली बसले. मामांनी त्या बिचाऱ्याला हाताला धरून गाडीत बसवलं आन् शेळ्यांच्या रोगावरचं अर्धा घंटा भाषन ऐकवलं. जाताना सरपंच आपल्या मान्सांला म्हनत होते, "लई मुरलेला गडी हाय. शेवटपर्यंत बोलला न्हाई."

हसून झालं. नव्या गाडीत पयल्यांदाच मी आन् आरू बीडला निघालो, मागं तीन बाया आन् एक जाडजूड गुर्जी. मांजरसुंब्याच्या अलीकडं म्हैस आडवी आली, मामांनी ब्रेक मारला, आरूचं कपाळ काचंवर. तोंड उघडलं. मी म्हनलं, "मामा, खरखर!" मामांनी बटन फिरवलं. त्या सेटात खरखर नव्हतीच. ह्या ष्टेशनावरून उडी मारून त्या ष्टेशनावर, आन् मधी गपगार. मामा फिरवायलेत, फिरवायलेत, गानं, गपगार, बातम्या, गपगार. आरूचे व्हट निळे व्हायला लागले. तवा मामांनी गाडी कडंला घेतली, आमच्याकडं वळले, लेकराच्या तोंडापुढं आपलं तोंड नेलं, आन् मिशा थरथरवत सोताच खरखर काढाया लागले. "खर्रर्रर्र... श्शश्श... खर्रर्रर्र..." मधीच शिट्टी, मधीच कुईऽऽ, जुन्या सेटाची सारी दुखनी त्यांला पाठ होती. बायांला काही कळंना, पर मामा हात हलवून म्हनले, "करा की तुमीबी, बघताव काय!" आन् साऱ्या गाडीनं खरखर सुरू केली. गुर्जीनं तर डोळे मिटून केली. रस्त्यानं जानारा एक मोटारसायकलवाला थांबून बघत ऱ्हायला.

आरूनं श्वास घेतला. मग गुर्जीच्या तोंडाकडं बघून हसली.

मी रडायले होते. मामांनी घाम पुसला, गाडी चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपमधला जुना सेट उपसून ते बीडच्या मेस्त्रीकडं घेऊन गेले. मेस्त्री म्हनला, "मामा, उलटं करायलाव. लोक जुनं काढून नवं बसवतेत. ह्या गाडीत काय खोट हाय?" मामा म्हनले, "खोट काही न्हाई. तुझ्या डिजिटलात माझं एक ष्टेशन न्हाई." डिजिटल निघालं. ते त्यांनी फडक्यात बांधून पेटीत ठिवलं.

'मामांनी डिजिटल उतरवलं' ही बातमी गावात मामा घरी यायच्या आधी आली. संध्याकाळी सरपंच हार-नारळ घेऊन हजर. "मामा, मोठ्या मनानं माघार घेतली तुमी. कावून घेतली ते आमी इचारनार न्हाई."

"लेकरासाठी घेतली," मामा म्हनले.

सरपंच जवळ सरकले, आवाज बारीक केला. "कुनाला नोकरीला चिटकवायचंय का कुठं? सांगा, बघू."

मला त्या दिशी लई वाटलं. लोक हार कशाचा घालतेत आन् मानूस कशानं मोठा असतो. मामा दीड वर्स त्या खरखरीत गाडी चालवत ऱ्हायले, शिटा वैतागल्या, बातम्या अर्ध्या कळायच्या, नमस्कार तेवढा अंदाजानं करायचे. मी एकदा म्हनलं, "मामा, आरू गाडीत नसल तवा तरी डिजिटल लावा." तर म्हनले, "आन् रस्त्यात कुनाचं दुसरं लेकरू बसलं तर?"

मागल्या महिन्यात आरूला नेकनूरला सुई टोचायला नेलं. मी टोचून घेतलं तशी तिला छातीशी धरून गाडीकडं पळाले. मामांनी मला बघून दार उघडलं, बटन आधीच फिरवलेलं. आरूनं तोंड उघडलं. मी तिच्या व्हटाकडं बघत होते, माझाच श्वास बंद. आन् मग अशी किंकाळी फोडली पोरीनं, अशी, की दवाखान्याच्या झाडावरचे कावळे उडाले. निळी न्हाई, काही न्हाई, लालबुंद, नाकातून पानी, हातपाय झाडत खच्चून रडायली, आन् थांबंना.

गाडी निघाली तरी मी "अगं उगी उगी" करायले, तर मामा म्हनले, "थांब पोरी, रडू दे तिला." आन् त्यांनी रेडिओ बंद केला. चालत्या गाडीत रेडिओ बंद केलेला मी पयल्यांदा बघितला. तसेच बसले, मान जराशी तिरकी करून, बातम्या ऐकतेत तशी. आरू पार गावाच्या वेशीपर्यंत रडली. मामांनी एकदाबी बटनाला हात लावला न्हाई.

अंगनात गाडी थांबली. आरू उतरून कोंबडीमागं पळाली. मी म्हनलं, "मामा, आता तुमचं डिजिटल काढा की पेटीतून. आता लागत न्हाई तिला."

"व्हय," म्हनले, "आता न्हाई लागत." पर ष्टेरिंग धरून तसेच बसून ऱ्हायले. मग मिशीतल्या मिशीत, मला ऐकू येईल न येईल असं, एकदा हळूच खर्रर्र करून बघितलं. आरूनं मागं वळून बघितलं न्हाई.