बर्फाच्या लादीवर

गोदीच्या खांबांना कालवं चिकटतात ना, तसे आमच्या टोळीला किस्से चिकटत गेले. खरवडायला जावं तर खाली आणखी निघतात. आमची टोळी पाणबुड्यांची. बाबल परब डोक्यावर तांब्याचा टोप आणि अंगात रबरी कॅनव्हासचा ड्रेस चढवून खाली जायचा. मी वर हवेचा पंप फिरवायचो. धाकू बाबलच्या कमरेची दोरी धरायचा. आणि टोळीचे मालक, प्रभादेवीचे कोठारे साहेब, आम्हा सगळ्यांना धरून असायचे.

*

दोरीची भाषा सोपी. लागोपाठ चार हिसके वरून गेले तर "वर ये, धोका आहे", खालून आले तर "मला वर घ्या." एकदा बाबल पाण्याखाली असताना धक्क्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. धाकूच्या अंगात आलं. "झालाच पाहिजे!" म्हणत तो मूठ वर करू लागला, आणि मुठीत दोरी! बाबल धापा टाकत वर आला. टोप काढताच म्हणाला, "कोण मेलो?"

साहेब धाकूला एवढंच म्हणाले, "घोषणा डाव्या हातानं द्या. दोरी उजव्या हातात."

*

त्यानंतरच्या पौषात घाटावरच्या एका धरणाचा दरवाजा अडकला. मुंबईचं पाणी म्हणजे गरम पेज, ते पाणी म्हणजे सुरी. ड्रेसच्या शिवणीतून पाणी झिरपलं, आतले लोकरीचे कपडे भिजले आणि बाबलची बोटं बधिर झाली. दोरीला हिसका देण्याइतकीही ताकद उरली नाही. बराच वेळ इशारा येईना म्हणून धाकूनं आपल्याच मनानं त्याला ओढून काढला. तो निळा पडला होता. दरवाजा तसाच राहिला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं होतं, आणि जाऊ शकणारा एकटा बाबलच.

*

साहेबांनी ठरवलं, या खेपेला लोकर पारखून घ्यायची. दुकानदाराच्या शब्दावर नाही. मासळीवाल्यांच्या बर्फाच्या कारखान्यात आम्ही गेलो. लोकर पाण्यात बुचकळायची, अंगात घालायची आणि लादीवर बसायचं. ज्यानं आधी चहा मागितला त्याची लोकर बाद!

मी विलायती बनियन घातलं होतं. मऊ, देखणं. लादीवर टेकलो आणि लगेच चहा मागितला. धाकूची दुहेरी विणीची जर्सी थोडी जास्त टिकली. साहेबांनी मेंढपाळाची जाडीभरडी घोंगडी पांघरली होती. पाणी निथळत होतं, आणि हा माणूस लादीवर मांडी ठोकून वर्तमानपत्र वाचतोय. मालकानं येऊन आपणहून चहा विचारला. साहेब म्हणाले, "नको." मी त्या माणसाकडे बघतच राहिलो. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. पण जे आपण अंगात घातलं नाही ते घालून बाबलला खाली सोडायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

*

घोंगडीचे सदरा-विजार बाबलच्या मापानं शिवायचे आहेत हे ऐकून लालबागच्या शिंप्यानं विचारलं, "नाटकात अस्वल कोण होतंय?" शिवून झाल्यावर ते कपडे बाबलला इतके टोचायचे, की शेवटी परब वहिनींनी आपलं जुनं लुगडं फाडून आतून अस्तर लावलं.

*

पौषात पुन्हा धरण. बाबल उतरला. मी पंप फिरवतोय, धाकूनं दोन्ही हातांनी दोरी धरलीय, साहेब काठावर उभे. दोरी गप्प. गेल्या वर्षीसारखीच गप्प. धाकू साहेबांकडे बघायचा, साहेब मान हलवायचे, थांब. मग खाली कुठेतरी घरघर झाली, दरवाजा हलला, आणि दोरीला चार हिसके आले. खणखणीत.

त्याला वर घेतला. ड्रेस कोपराशी फाटला होता, आत पाणीच पाणी. घोंगडी चिंब. मी टोप काढला आणि चहाचा पेला पुढे केला. साहेबांनी धावत येऊन बाबलचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळू लागले.

बाबलनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "माका नको. च्या आधी सायबांका दी. हात बघ कितके थंड पडलेत."

साहेबांनी पेला घेतला.