अन्स्केटिलचं बोट

"मी मेलो तेव्हा घोड्याला नाल ठोकत होतो," असं अन्स्केटिल एकदा म्हणाला.

असं बोलण्यावाचून त्याचाही इलाज नव्हता. आमच्या मठातल्या बंधू तुरोल्डने नॉर्मन सरदारांच्या धर्मयुद्धाची बखर लॅटिनमध्ये लिहिली होती. तुरोल्ड स्वतः सफरचंदांच्या बागेपलीकडे कधी गेला नव्हता. अँटिओक शहराच्या वेढ्याहून परतलेल्या एका लंगड्या पाद्र्याने सांगितलं, ते त्याने उतरवून घेतलं. त्यात अन्स्केटिल नालबंद नुसत्या हातोड्यानिशी तटावर चढतो, तुर्कांना लोळवतो आणि हुतात्मा होतो. पाद्र्याने त्याचं बोटही आणलं होतं. ते आम्ही चांदीच्या डबीत ठेवलं. डबी हलली की आत वाळका दाणा असल्यासारखं वाजे.

मग अन्स्केटिल चालत घरी आला. सगळी बोटं शाबूत.

त्याची बायको हर्सेंट दारात आडवी उभी राहिली. "चेहरा त्यांचाच आहे. पण ते स्वर्गात आहेत. परका पुरुष घरात घेऊ होय? बखरीत ते जिवंत आहेत असं लिहून आण, मग ये खुशाल घोरायला."

तो तुरोल्डकडे आला तेव्हा मी तिथेच शाई उकळत होतो.

"बंधू, माझ्या मरणाची तेवढी ओळ खरवडून टाका की."

"नकला दुसऱ्या मठांत गेल्यात. तिथे तू मेलेलाच राहणार."

"इथे तरी जगू द्या!"

"मग डबीतलं बोट कुणाचं?"

"मला काय ठाऊक? माझी ही इथे आहेत."

"त्या बोटाने गुनोर म्हातारीची दाढ बरी केली. तुझ्या बोटांनी केलीये कुणाची?"

"बरी नाही केली," अन्स्केटिल हिरमुसून म्हणाला. "उपटल्यात मात्र पुष्कळ."

शेवटी मठाधिपतींनी निवाडा दिला: शपथ घे. आमच्याकडे शपथ संताच्या अवशेषावर हात ठेवूनच घेतात, आणि मठात अवशेष तेवढा एकच होता. म्हणून रविवारी, गावासमोर, हुतात्मा अन्स्केटिलच्या बोटावर हात ठेवून अन्स्केटिलने सांगायचं की आपण मेलेलो नाही. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तुरोल्ड कातड्याचं पान उघडून, खरवडायची सुरी घेऊन बसला.

आधी हर्सेंट पुढे झाली. गुडघे टेकून तिने डबीचं चुंबन घेतलं.

"अहो," ती डबीला म्हणाली, "तुमचं नाव सांगत कोण आलंय बघा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हल्ली किती शांत झालात तुम्ही."

युद्धावर जाण्याआधी ती त्याला पळी फेकून मारायची, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

अन्स्केटिलने हात पुढे केला.

"ए, हात पूस आधी!" हर्सेंट कडाडली. "डबीत नवरा आहे माझा."

त्याने हात अंगरख्याला पुसला. नखांतला काळा रंग गेला नाही.

"म्हण, मी जिवंत आहे," तुरोल्ड म्हणाला.

हात डबीवर तरंगत राहिला. अन्स्केटिलने हर्सेंटकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहतच नव्हती. डबीवर पडलेले मेणाचे शिंतोडे ती डोईच्या फडक्याच्या टोकाने हलकेच पुसत होती. त्याने हात मागे घेतला, काखेत दडवला, आणि शपथ न घेताच दारातून बाहेर पडला.