बारशाच्या वाटेवरची लाल रेघ

कोल्हापूरहून बिद्रीला जायला एकच सरळ रस्ता आहे आणि तो मला पसंत नव्हता.

कळंब्यावरून गारगोटी रोड धरायचा, कुठंही न वळता तासाभरात बिद्री. माझा मेव्हणा रंगराव, त्याचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. पण दिवस ऊसतोडीचे. त्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक लागतात, आणि मोटरसायकलवर मागं बसलेली आमची सुलभा "जरा पुढं काढा की" आणि "एवढी घाई कशाला?" ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणते. म्हणून मी दुसरा रस्ता आखायचं ठरवलं. शास्त्रीय पद्धतीनं!

मोटरसायकलवाल्यांसाठी नकाशाचं एक सॉफ्टवेअर मिळतं. तीन संध्याकाळ मी लॅपटॉपसमोर बसलो. उपग्रहातून दिसणारी शेतं, ओढे, विहिरी, सगळं पडद्यावर! आपण नुसत्या टाचण्या टोचत जायच्या, मधली लाल रेघ ते आपोआप ओढतं. मी एका चौकटीत खूण केली, "मोठे रस्ते टाळा". दुसऱ्या चौकटीत केली, "वळणाचे रस्ते निवडा". (ही दुसरी खूण कशासाठी केली, असं सुलभानं मला नंतर पुष्कळदा विचारलं. उत्तर अजून सापडलेलं नाही.) रेघ फोनमध्ये घातली आणि रानात रेंज गेली तर जवळ असावी म्हणून मोठ्या कागदावर रंगीत प्रिंटही काढली.

"सरळ रस्ता सोडून हे काय काढलंय?" सुलभानं विचारलं.

"अगं, एक ट्रॉली लागणार नाही वाटेत."

"बाराला बाळ पाळण्यात घालायचंय. मी आत्या हाय. नाव मी ठेवायचं. उशीर झाला तर बघा!"

"अकराला पोचवतो. लिहून देऊ?"

(नशीब, तिनं कागद आणला नाही.)

नऊला निघालो. पहिला अर्धा तास झकास. मग डांबर संपलं. मग खडी संपली. मग दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस आणि मध्ये एक पाणंद, तीही बैलगाडीच्या चाकोरीची. फोनमधली बाई ठणकावून म्हणाली, "सरळ जा." समोर विहीर होती!

मी उतरलो. पेट्रोलच्या टाकीवर नकाशा पसरला आणि रेघ नक्की कुठून जाते ते कळावं म्हणून एक डोळा मिटून, हात लांब करून उभा राहिलो. तेवढ्यात उसातून एक शेतकरी बाहेर आला.

"ओ पावणं, काय बघताय?"

"रस्ता बघतोय."

"कुठला रस्ता?"

"हा काय!" मी अभिमानानं लाल रेघेवर बोट ठेवलं. "हितनंच जाणार. विहिरीवरून पलीकडं, मग त्या घरामागून."

आता इथं एक सांगायला हवं. त्या भागातल्या शेतांतून नवा मोठा रस्ता जाणार अशी आवई उठली होती, आणि मोजणीवाल्याला शिवारात पाय ठेवू द्यायचा नाही असं गावागावांनी ठरवलं होतं. मी रोज पेपर वाचतो. मला हे माहीत होतं! फक्त त्या क्षणी आठवलं नाही.

शेतकऱ्यानं फोन लावला. पाच मिनिटांत वीसेक माणसं गोळा झाली आणि एकानं माझ्या गाडीची किल्ली काढून घेतली.

"माझ्या हिरीतनं रेघ वडलीया ह्यानं!"

"माझं घर कुठं हाय ह्यात?" एका म्हातारीनं विचारलं. मी आपला मदत करायला गेलो.

"हे बघा आजी, हे पत्र्याचं."

"आगं बाई! घरावरनं गेलीया!"

"घरावरून नाही हो, मागून..."

"म्हंजे माझा गोठा जाणार!"

"अहो, मी बारशाला निघालोय!" मी ओरडलो.

"बारशाला कोण नकाशा घिऊन जातंय?" शेतकऱ्यानं विचारलं. "आणि बायकोला संगट घिऊन मोजणी करताय? लाज वाटत न्हाय का सायेब?"

मी काही बोलणार, एवढ्यात फोनमधली बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नवीन मार्ग आखत आहे."

"आजून एक?!"

मग जो गलका झाला तो विचारू नका. सज्जन माणूस मी, आयुष्यात कुणाच्या बांधावरची गवताची काडी उचलली नाही, आणि मला गोठा पाडणारा म्हणतात? संताप संताप झाला माझा! त्यात सुलभाचा फोन वाजला. रंगराव होता. "ताई, कुठं हायस? पावणेबारा झालं! पोरगं रडून रडून लाल झालंय."

सुलभा गाडीवरून उतरली. नवं काठापदराचं लुगडं सावरलं आणि गर्दीसमोर उभी राहिली.

"अवो, ह्यो माणूस मोजणीवाला? खिडकीच्या पडद्याची दांडी आणाय पाठवलं तर वीतभर तोकडी आणली ह्यांनी! दोनदा! आणि ह्यो तुमची जमीन मोजतोय? सरळ रस्ता हाय, सांगितलं मी. तर म्हणं वळणाचा पाहिजे! भावाच्या पोराचं बारसं हाय, आत्या मी, आणि हितं उसात उभी हाय!"

म्हातारीनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

"भाऊ कोण तुमचा?" शेतकऱ्यानं विचारलं.

तिनं नाव-गाव सांगितलं.

"रंगराव व्हय? आवो, त्येची म्हस माझ्याकडचीच हाय की! चला चला, सोडतो तुमास्नी."

किल्ली परत मिळाली. नकाशा नाही. पुरावा म्हणून ठेवून घेतला! तो शेतकरी त्याच्या गाडीवरून पुढं, आम्ही मागं. चार मिनिटांत आम्ही ऐन गारगोटी रोडला लागलो. तिथून बिद्रीपर्यंत उसाच्या ट्रॉलीमागं.

पाऊणला पोचलो. बाळ दमून झोपलं होतं आणि सगळं घर पाळण्याभोवती ताटकळत बसलं होतं. सुलभानं बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. खोळंबलेल्या बायका, त्यामुळं रीतीपेक्षा जरा जोरात. प्रत्येक धपाट्याला ती माझ्याकडं बघत होती.

चार दिवसांनी रंगरावनं तिकडच्या एका पेपरातलं कात्रण पाठवलं. "मोजणी अधिकाऱ्याला ग्रामस्थांनी पिटाळले". खाली आणखी, "सदर अधिकाऱ्याने बारशाला जात असल्याचा बनाव केला."

बनाव! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच बैठकीत दोन पानी खुलासा लिहून काढला. सुरुवातच अशी केली, "मी अधिकारी नाही." सुलभानं तो वाचला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, "खरं हाय. पण छापून कशाला सांगताय?"

मी खुलासा फाडून टाकला. कात्रण मात्र कपाटात जपून ठेवलंय. सव्वीस वर्षं कारकुनी केली. मला अधिकारी म्हणणारा कागद तेवढा एकच आहे.