टाचणीकाकांनी काढलेली ओळ

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत तक्रार विभागात पाऊल टाकलं की आधी नाक धरावं लागतं. मागच्या भिंतीला लागून गटार, खिडकी नीट बंद होत नाही, आणि वर लोक पुरावा म्हणून बाटल्यांतून पाणी आणून टेबलावर आपटतात. पिवळं, गढूळ, कधी त्यात वळवळणारं काहीतरी. अठरा वर्षं मी इथे बसते आहे. बाटल्यांची सवय झाली, माणसांची अजून होत नाही.

टाचणीकाका माझ्या शेजारच्या टेबलावर. कागदाच्या काळात आलेल्या प्रत्येक पत्राला ते टाचणीनं एक चिठ्ठी लावायचे. पत्र कधी आलं, कोणाला दाखवलं, पुढे काय झालं. म्हणून हे नाव. मग तक्रारी ईमेलवर यायला लागल्या. म्हटलं, चला, आता तरी हा माणूस सुटला. कसलं काय! कॉम्प्युटर बसवायला आलेल्या तंत्रज्ञाच्या मानगुटीवर बसून काकांनी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायचं शिकून घेतलं. ईमेलच्या वरती पाठवणारा, तारीख, विषय अशा ओळी असतात ना, एक कमांड दिली की त्यांच्यातच काकांची ओळ जाऊन बसायची. 'साहेबांना दाखवले', आणि पुढे वार, तारीख, वेळ. आणखी एक कमांड दिली की घातलेल्या ओळींची यादी यायची, तिसरीनं नको ती ओळ निघायची. आम्ही बाकीचे माउसच्या टिचक्या मारून ईमेल वाचणारे. आमच्या पडद्यावर त्या ओळी दिसायच्यासुद्धा नाहीत.

"कोण बघणार आहे हे, काका?" मी विचारायची.

"कोणी नाही बघितलं तर नाही. नोंद असलेली बरी."

घरी तीच तऱ्हा. काकू एकदा कचेरीत आल्या होत्या, त्यांनीच सांगितलं. साबणाची वडी उघडली तरी तिच्या कागदावर तारीख. काकूंना ताप भरला, थर्मामीटर लावला, घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पाणी मागितलं, तर यांनी आधी आकडा वहीत उतरवला, खाली रेघ मारली आणि मग पेला आणला. काकू हसत सांगत होत्या. मीही हसले तेव्हा.

गिरणीमागच्या वसाहतीत नळाला घाण यायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणारी एक मुलगी आहे, नोकरीला जेमतेम वर्ष झालेली. तिनं एका मंगळवारी ईमेल केली. नमुन्यात मैला सापडलाय, पुरवठा ताबडतोब बंद करा. काकांनी ती छापून साहेबांपुढे ठेवली. मी सहीसाठी फाइल घेऊन तिथेच उभी होते. साहेब पेनच्या टोपणानं कान कोरत होते. टोपण बाहेर काढून त्यांनी ते निरखून बघितलं, पँटला पुसलं, मग कागद वाचला. "बघू," म्हणाले. काका जागेवर आले आणि त्यांनी आपली ओळ घातली.

बारा दिवस कोणी काही बघितलं नाही. बारा दिवस ते लोक गू मिसळलेलं पाणी प्यायले! हो, तोच शब्द लिहिते. कचेरीत सगळे 'दूषित' म्हणत होते, तो शब्द ऐकूनच मला मळमळायचं. चाळीस माणसं दवाखान्यात गेली, एक म्हातारी मेली.

चौकशी लागली तसे साहेबांनी हात झटकले. त्या मुलीनं नुसती ईमेल टाकली आणि गप्प बसली, ती मला कोणी दाखवलीच नाही, असं लेखी दिलं. मुलीची नोकरी जाणार, वर पोलिसांत गुन्हा दाखल होणार, हे चौकशीआधीच कचेरीभर झालं. ती जिन्यात बसून रडायची आणि लोक तिला वळसा घालून चहाला जायचे.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब काकांच्या टेबलाशी आले. ती ईमेल मला दाखवली नव्हती असंच उद्या सांगायचं, म्हणाले. काका सरळ बोलून गेले, "पण साहेब, तुम्हाला दाखवल्याची नोंद आहे की."

साहेबांचा चेहरा उतरला. "कुठे?"

काकांनी यादी काढून दाखवली.

"काढा ती ओळ. आत्ता. माझ्यासमोर."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. काकांनी कमांड टाइप केली आणि ओळ गेली. साहेबांनी दोनदा खात्री केली, काकांचा खांदा थोपटला आणि निघून गेले. काका पुढेही काहीतरी टाइप करत होते, पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, मी काय बघणार!

"काका, त्या पोरीचा गळा कापलात तुम्ही. लाज नाही वाटत? दोन महिन्यांत रिटायर व्हाल, आता कशाला एवढे घाबरता?"

"साहेबांनी सांगितलं, काढली," काका म्हणाले आणि पुढची तक्रार उघडली.

दुसऱ्या दिवशी चौकशीला तिघे अधिकारी. त्यांनी मला आधी बोलावलं. साहेबांनी ती ईमेल बघितली होती का, तुम्हाला काही माहीत आहे? साहेब समोरच बसले होते. माझी बढती त्यांच्या सहीसाठी अडकली होती. "मी आपल्या कामात होते," मी म्हणाले. "मला काही कल्पना नाही."

मग कॉम्प्युटरच्या तंत्रज्ञाकडून त्यांनी ती ईमेल सगळ्या ओळींसकट छापून घेतली. अधिकाऱ्यांनी मोठ्यानं वाचलं. सगळ्यात वरती ओळ होती: 'साहेबांच्या तोंडी आदेशावरून पुढील ओळ काढली: साहेबांना दाखवले, मंगळवार, सकाळी दहा चाळीस.' त्यापुढे कालची तारीख आणि वेळ. साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. मुलगी सुटली. साहेब त्याच संध्याकाळी निलंबित झाले.

मी धावत काकांकडे गेले. "काका, मानलं तुम्हाला! मुद्दाम केलंत ना?"

"काय मुद्दाम?"

"ती ओळ हो!"

"अगं, ओळ काढली तर काढल्याची नोंद नको?"

"म्हणजे त्या मुलीसाठी नाही?"

"कुठली मुलगी?"

थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच आठवेना. ती मुलगी तुरुंगात गेली असती तर या माणसानं त्याचीही तारीख घातली असती आणि डबा उघडून जेवला असता. मला त्यांची इतकी किळस आली की मी खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली, गटाराच्या बाजूला.

तेवढ्यात ती मुलगी आत आली. काकांचे दोन्ही हात धरून रडली. काका गोंधळून बघत राहिले. मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्हाला पहिल्यांदा आत बोलावलं होतं ना? तुम्हीच सांगितलं असणार साहेबांनी ईमेल बघितली म्हणून. हो ना?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मला मिठी मारली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.