वळणावरचा लाल ठिपका

धाकटा भाऊ गेल्यापासून पेंटरने ब्रशला हात लावला नव्हता.

दोघा भावांचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. थोरला अक्षरं काढायचा. धाकटा शिडीवर चढायचा आणि गोड बोलून गिऱ्हाइकं राखायचा. औषधाच्या दुकानाची पाटी चढवून धाकटा उतरला, शिडी खांद्यावर घेऊन वळणावर रस्ता ओलांडू लागला, आणि मागून आलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. थोरल्याला निरोप मिळाला, तो धावत पोहोचला, तोवर रुग्णवाहिका निघून गेली होती. दवाखान्यात पोहोचण्याआधीच सगळं संपलं होतं. पुढचं जे जे करायचं ते थोरल्याने केलं. सह्या केल्या, भावजयीच्या माहेरी कळवलं, आल्यागेल्याशी बोलला. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, याचं काळीज दगडाचं आहे. त्याला वाटलं, असेलही.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घरी आल्या त्या एका कार्यशाळेचं सांगायला. वस्तीतली मुलंमुली भिंतीएवढ्या कापडावर वस्तीचा नकाशा काढणार होती. रस्ते आणि इमारती तर असणारच होत्या, पण मुलांना ठाऊक असलेलं सगळं त्यात यायला हवं होतं. अक्षरं घालायला कुणीतरी जाणता माणूस पाहिजे होता. बायकोनेच परस्पर होकार देऊन टाकला. घरात बसून बसून हा माणूस भिंतीचा पोपडा होईल, असं ती म्हणाली.

तो जाऊ लागला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर कापड पसरलेलं असायचं आणि कॉलेजात नुकतीच गेलेली, शाळा संपत आलेली पोरं त्यावर ओणवी झालेली. नकाशात खुणेसाठी त्यांनी दिलेले ठिपके भलतेच होते. इथला कुत्रा पोस्टमन सोडून सगळ्यांना चावतो. या गल्लीत मामा राहतो, म्हणून लांबून जायचं. या पायऱ्यांवर बसलं की घरचा आवाज ऐकू येत नाही. पोरं खिदळायची, भांडायची. ती सांगतील ते पेंटर लिहायचा. अक्षर पूर्वीसारखंच वळणदार यायचं. हात चालतोय हे त्याला दिसायचं, एवढंच.

लांब रेघेसाठी खडू फासलेला दोरा ताणावा लागे. दुसरं टोक धरायला बहुतेक वेळा सायकलवरून येणारी एक मुलगी पुढे व्हायची. सगळे तिला सायकलवाली म्हणत. ती फार बोलत नसे.

धोक्याच्या जागांना लाल ठिपका द्यायचं ठरलं, त्या दिवशी तिने औषधाच्या दुकानाच्या वळणावर ठिपका दिला आणि विचारलं, "काका, इथे काय लिहायचं?"

पेंटरने विचारलं, काय झालं होतं तिथे.

ती खाली बघत सांगू लागली. ती क्लासहून येत होती. टेम्पोने एका माणसाला उडवलं. लोक जमले ते टेम्पोवाल्याला धरायला. हिने सायकल टाकली आणि त्या माणसाजवळ जाऊन बसली. त्याने पाणी मागितलं. बाटलीतलं पाणी तिने त्याच्या ओठांना लावलं, थोडं आत गेलं, बरंचसं सांडलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा हात तिच्या हातात होता. घरी तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"काही बोलला का तो?" पेंटरने विचारलं.

"शिडी बाजूला घ्या म्हणाला. कुणाच्या तरी पायात येईल म्हणाला."

पेंटर ब्रश पुसत राहिला. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता. आत काहीतरी हलेल म्हणून तो थांबला, पण काही हललं नाही.

"तो माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं, रेघ मारून घेतली आणि ठिपक्यापाशी लिहिलं : इथे एका माणसाला एका मुलीने पाणी पाजलं.

तिथून तो थेट भावजयीकडे गेला. शेवटी धाकटा एकटाच पडून होता का, हे तिने त्या दिवसांत कितीदा तरी विचारलं होतं, आणि ठाऊक नाही याखेरीज त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. आता त्याने उंबऱ्यातच उभं राहून सगळं सांगितलं. शिडीचं ऐकून ती हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दादा, त्या पोरीला माझ्याकडे घेऊन या."

आणतो, असं तो म्हणाला. तिने चहा केला, तो त्याने पिऊन टाकला. साखर बरोबर होती का, असं तिने विचारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, चहाची चव त्याला लागलीच नव्हती.