ओठ दिसले पाहिजेत

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी तिनं डाव्या कानातलं मशीन ओढून काढलं आणि थेट अंगणात भिरकावलं.

तिला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना मशीन लावलं की आवाज कळतात, पण शब्द ती ओठांवरून ओळखते. समोरच्यानं मान वळवली की तिच्यासाठी बोलणं तिथंच संपतं. ते मशीन तिला इतकं प्रिय होतं की आंघोळीपुरतं काढतानाही ती कुरकुर करायची. तेच तिनं फेकलं. काय होतंय विचारलं तर कानावर हात ठेवायची आणि हुंदके द्यायची.

कानाच्या डॉक्टरांनी आत बारकाईनं पाहिलं. "कान चांगला आहे," ते म्हणाले. "हिची दाढ बघून घ्या."

घरी येऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. खालची दुधाची दाढ आतून काळी पडली होती आणि बाजूची हिरडी सुजलेली. तिनं एक क्षण तोंड उघडलं, मग मिटलं ते मिटलंच.

आम्ही शहराबाहेर, बेसाला राहतो. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये, म्हणून घरी बहुतेक वेळ मी, सासूबाई आणि मुलगी. जवळच लहान मुलांचे दात बघणाऱ्या एक डॉक्टर होत्या. मी त्यांच्याकडे तिला तशीच घेऊन गेले, काही तयारी न करता. तयारी करायची असते हेच मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर स्वभावानं चांगल्या. पण त्यांनी मास्क लावला आणि मुलीच्या दृष्टीनं त्या मुक्या झाल्या. खुर्ची मागे झुकली, डोकं उशीला टेकलं, तशी कानातली मशीन दाबली जाऊन शिट्टी वाजायला लागली. "काढून ठेवा जरा," डॉक्टर म्हणाल्या. मी काढली. आता तिला काही ऐकू येईना, मी दिसेना, वर नुसता दिवा आणि अर्धे झाकलेले दोन चेहरे. आरसा आत जाताच तिनं डॉक्टरांचं बोट चावलं. मग अशी किंचाळली की बाहेर बसलेली मुलंही रडायला लागली.

डॉक्टर रागावल्या नाहीत. हातमोजा बदलत म्हणाल्या, "आत पू आहे. दाढ काढावी लागेल. मी गोळ्या-औषध देते, सूज उतरेल. तोवर घरी थोडी सवय करा. नाहीच बसली, तर मोठ्या दवाखान्यात भूल देऊन काढू."

भूल हा शब्द मी घरी उच्चारायला नको होता.

"भूल?" सासूबाई पदर सावरत उठल्या. "दुधाच्या दातासाठी पोरीले बेशुद्ध करतेत? काहून वं? अन् उठलीच नाही तर?"

"आई, असं बोलू नका ना."

"मंग काय बोलू? मले भेव वाटते तर काय बोलू मी?"

भीती मलाही तेवढीच वाटत होती. फरक इतकाच की त्या बोलत होत्या.

मग मी सवय करायला घेतली. मास्क लावायचा, खाली ओढायचा, हसायचं, पुन्हा लावायचा. मास्क वर गेला की ती दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकायची. दिवाणावर झोपवून चमच्याच्या दांड्यानं दात मोजायचा खेळ काढला, तर ती उठून पळाली. नवऱ्याचा ट्रिमर तिच्या तळहातावर धरून दाखवलं, की बघ, अशी गुदगुली होते. तिनं तो हिसकावून पलंगाखाली टाकला. बाहुलीचे दात तपासू म्हटलं, तर बाहुली आठवडाभर मला दिसलीच नाही.

सासूबाईंना माझी दया आली असावी. एका दुपारी त्या स्वतः दिवाणावर आडव्या झाल्या, आ वासला आणि नातीला जवळ ओढून, आत बघ अशी खूण करत म्हणाल्या, "पाय, मह्या तोंडात पाय. हे दात पडले, आता दुखत नाही." इथवर ठीक होतं. मुलगी वाकून पाहतही होती. पण दात कसे गेले ते समजावून सांगावं म्हणून सासूबाईंनी दोन बोटांचा चिमटा केला, दात पकडल्यासारखं दाखवलं आणि जोरात हिसडा दिला. मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती न्हाणीघरात शिरली आणि तिनं आतून कडी लावली.

दार वाजवून उपयोग नाही, कारण पळताना तिनं दोन्ही मशीन काढून टाकली होती. हाका मारून उपयोग नाही. तोंड दाखवून समजवावं तर मध्ये दार. मी दाराला कपाळ टेकून उभी राहिले. एवढी असहाय मी कधीच नव्हते. दुसरी एखादी आई दाराआडून "ये गं बाहेर, काही नाही करत" एवढं तरी म्हणू शकते.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मले वाटलं हसंल ते," त्या हळूच म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. भूक लागली होती म्हणून निघाली. वरण-भात कालवून दिला, तो तिनं एकाच बाजूनं, रडत रडत खाल्ला.

त्या रविवारी नवऱ्यानं ठरवून टाकलं. "आता नको ताणू. भूल देऊनच करू. मी सुट्टी टाकतो."

मोठ्या दवाखान्यात गेलो त्या दिवशी सकाळपासून तिला पाणीसुद्धा द्यायचं नव्हतं. का, ते तिला कसं सांगायचं? ती बाटलीकडे बोट दाखवायची, मी मान हलवायची आणि तिच्या डोळ्यांत दिसायचं की आई आज माझ्याशी वैर धरून आहे. शेवटी तिनं माझ्याकडे बघणंच बंद केलं. तिनं बघणं बंद केलं की माझ्याकडे दुसरं काहीच उरत नाही.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्स म्हणाली, "आई इथंच थांबा. मशीन काढून द्या."

आत सगळे हिरव्या कपड्यांत, सगळ्यांची तोंडं झाकलेली. भूल देणारे डॉक्टर दाराशी आले तसा मी त्यांचा हातच धरला. म्हटलं, "सर, ती ओठ बघून समजते. तुमचे ओठ दिसले पाहिजेत. झोप लागेपर्यंत तरी. मी पाया पडते."

"पाया कशाला पडता?" ते म्हणाले. त्यांनी तिथंच मास्क हनुवटीखाली ओढला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि सावकाश, शब्द सुटे करत विचारलं, "तुला. फुगा. फुगवता. येतो?"

तिनं त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. होकार दिला नाही, पण त्यांनी उचललं तेव्हा ओरडलीही नाही. दार बंद झालं. नवरा खिडकीशी उभा होता. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. तिची दोन्ही मशीन माझ्या मुठीत होती, आणि मूठ आवळली की त्यातलं एक बारीक शिट्टी वाजवायचं.

दाढ निघाली. ती शुद्धीवर आली तेव्हा ओठाला रक्त लागलं होतं आणि नजर भिरभिरत होती. मी घाईनं मशीन लावली. डावं उजव्या कानाला लावायला निघाले होते. आवाज सुरू झाला तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जड जिभेनं विचारलं, "तू कुठे गेली होती?"

"इथंच होते. दाराबाहेर."

"दिसली नाही," ती म्हणाली.



पुढे कळलं की रिकामी जागा तशीच ठेवली तर बाजूची दाढ सरकते आणि पक्का दात वाकडा येतो. म्हणून दातांना तार लावणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं, तिथं छोटी तार बसवायची. पुन्हा तेच सगळं?

या वेळी मी आधी एकटी जाऊन भेटले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मास्कऐवजी पारदर्शक काचेसारखी ढाल तोंडापुढे लावली, खुर्ची मागे न झुकवता सरळ ठेवली आणि तार आधी तिच्या बोटात अंगठीसारखी घालून दाखवली. म्हणून ती आनंदानं बसली असं नाही. दातांचं माप घ्यायला लगद्यासारखा गुलाबी मसाला तोंडात घातला तेव्हा तिला उमासा आला, अश्रूंनी फ्रॉक भिजला, माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. ती डॉक्टरांचे ओठ बघत होती आणि रडत होती. पण तोंड उघडं ठेवलं.

घरी पोचलो तर सासूबाई फाटकाशीच उभ्या. मला बाजूला घेऊन विचारायला लागल्या, "रडली काय वं लय?"

मुलीनं त्यांचे ओठ पाहिले होते.

"रडली मी," ती मोठ्यानं म्हणाली. "पण बसली."