पलीकडची बेसलाइन
टेनिस बॉलचा नवा डबा उघडला की आतून येणारा रबराचा वास मला दौंडच्या मातीच्या कोर्टावर नेतो. लॉकडाऊननंतरची पहिली स्पर्धा होती आणि आयोजकांनी बंदच्या आधी काढलेला, कोण कुणाशी खेळणार याचा जुनाच ड्रॉ तसाच लावला होता. त्यात माझ्यासमोर शिरूरचे एक सर होते, सर्व्हिस करताना उजवा पाय मातीत फरपटत ओढणारे. त्यांचं नाव तीनदा पुकारलं. पंधरा मिनिटं मी रिकाम्या कोर्टाकडे बघत उभा राहिलो. मग कुणीतरी हळूच सांगितलं, की सर दुसऱ्या लाटेत गेले. मला वॉकओव्हर मिळाला. सरावाला मारलेले बॉल गोळा करायला मी पलीकडे गेलो, तर बेसलाइनपाशी ओल्या मातीत उजव्या पायाची लांब फरपट उमटलेली. कोर्ट सांभाळणाऱ्या आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "सकाळी पाणी मारून म्याच रोलर फिरवला. तवापासनं तिकडं कुणीबी गेलं न्हाई." त्यांनी ती पुसायला ब्रश उचलला, तेव्हा मी म्हणालो, "पुढची मॅच लागेपर्यंत राहू द्या." आजही डबा उघडला की पहिला बॉल मी रिकाम्या बाजूला मारतो आणि थांबतो. तो परत यावा की येऊ नये, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.